पाकिटावरची लाल रेघ

(अभ्यासपान. गटाच्या सभेत एकीने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी मध्ये थांबवून बोलावं.)



महालक्ष्म्या बसायच्या आधीच्या आठवड्यात मी जिंतूर तालुक्यातल्या एका गावात सभेला गेले होते. बचत जमा झाली, कर्जाचे हप्ते लिहून झाले, सह्या-अंगठे झाले. बाया उठल्या, पण एक मावशी चटई गुंडाळायच्या निमित्ताने मागे थांबल्या. म्हणाल्या, "पोरी, तुला एक इचारू का? हसशील नाही ना?"

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत सांगते. "मागच्या साली महालक्ष्म्याला माझी तारीख येऊलाली होती. घरात मीच एकली करणारी. सोळा भाज्या, पुरण, सगळं माझ्याच अंगावर. मग शेजारणीनं सांगितलं ती गोळी घेतली. महालक्ष्म्या उठल्या, गोळी बंद केली, अन् तिसऱ्या दिवशी जे सुरू झालं ते पंधरा दिवस थांबलंच नाही. मला वाटलं, देवीला फसवलं म्हणून झालं."

मी विचारलं, कोणाला सांगितलं? नवऱ्याला? आशाताईला? दवाखान्यात? कोणालाच नाही. गोळी कोणी दिली? तर शेजारणीच्या पाकिटावरचं नाव कागदावर उतरवून तेरा वर्षांच्या पोराला मेडिकलवर पाठवलं होतं. दुकानातल्या माणसाने पोराला काहीही न विचारता गोळ्या दिल्या. बिल दिलं नाही, मावशींनी मागितलंही नाही.

रिकामं पाकीट मात्र त्यांनी जपून ठेवलं होतं, शिवणाच्या सुया ठेवायच्या डब्यात. ते त्यांनी आणून दाखवलं. त्याच्या डाव्या बाजूला उभी लाल रेघ होती. ही रेघ आपल्यातल्या किती जणींनी पाहिली आहे? पाहिली असेल, पण तिचा अर्थ कोणी सांगितला नसेल. म्हणून या महिन्याचा धडा तिच्यावरच.

लाल रेघ म्हणजे काय, ते आधी सांगते. औषधांचा कायदा १९४० सालचा आहे, त्याचे नियम १९४५ चे. त्या नियमांत औषधांच्या याद्या आहेत. ज्या औषधात धोका असतो ती 'शेड्यूल एच' नावाच्या यादीत येतात आणि ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नसतात. अशा पाकिटावर लाल रेघ आणि 'आर-एक्स' ही खूण असते. काही भारी अँटिबायोटिक्स, क्षयाची काही औषधं आणि झोपेच्या काही गोळ्या यांची आणखी कडक यादी आहे, 'एच-वन'. ती विकली की दुकानदाराने वहीत रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव लिहायचं आणि ती वही तीन वर्षं सांभाळायची, असा नियम आहे. आपण गटाचं इतिवृत्त सांभाळतो तसंच म्हणा.

पाळी पुढे ढकलायच्या गोळीत बहुतेक वेळा नॉरएथिस्टेरॉन नावाचं संप्रेरक असतं, म्हणजे हार्मोन. ही गोळी वाईट नाही. डॉक्टर ती अनेक तक्रारींवर देतात, आणि सणासाठी, लग्नासाठी, वारीसाठी देतानाही मी पाहिलं आहे. पण देण्याआधी काही प्रश्न विचारावे लागतात. पोटात गर्भ असण्याची शंका आहे का? पायात कधी रक्ताची गाठ झाली होती का? काविळीचा, लिव्हरचा त्रास आहे का? स्तनात गाठ लागते का? कारण न कळता अंगावरून रक्त जातं का? यातल्या एकाचंही उत्तर 'हो' आलं तर ही गोळी धोक्याची ठरू शकते. हे प्रश्न तेरा वर्षांच्या पोराला विचारून काय उपयोग?

गोळी बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते, कधी नेहमीपेक्षा जास्त जाते. म्हणजे मावशींना जे झालं त्याची सुरुवात गोळीतून झाली, देवीचा त्यात काही हात नव्हता. पण पंधरा दिवस जाणं साधं नाही. आठ दिवसांच्या वर रक्त जात असेल, किंवा तासा-तासाला कपडा भिजत असेल तर घरी बसायचं नाही. आम्ही मावशींना ग्रामीण रुग्णालयात नेलं, तेव्हा रक्त आठच्या आसपास भरलं. वर्ष उलटून गेलं तरी आठ! चक्कर येते, दम लागतो, हे सगळं त्या 'वयामुळं' म्हणून सोडून देत होत्या.

यात त्या एकट्या नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण नावाची मोठी पाहणी होते, त्यात बायांच्या बोटातून रक्ताचा थेंब घेऊन तपासतात. पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांपैकी ५४ जणींना रक्त कमी निघालं. तुमच्या गटात दहा जणी असतील तर पाच-सहा जणी. आता एकमेकींकडे बघा.

मावशींच्या गोष्टीत मला सगळ्यात जास्त लागलं ते हे की त्यांचा त्रास कुठेच पोचला नाही. दुकानदाराला कळला नाही, डॉक्टरला कळला नाही, कंपनीला नाही, सरकारला नाही. पंधरा दिवस रक्त गेलं आणि त्याची नोंद जगात कुठेही नाही. उद्या तीच गोळी आणखी कोणाची पोर घेईल.

बायांचं दुखणं न विचारण्याची खोड आपल्या गावापुरती नाही. अमेरिकेसारख्या देशात १९७७ साली औषध खात्याने सांगितलं की ज्यांना मूल होऊ शकतं अशा बायांना नव्या औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांत घेऊ नये. हेतू चांगला होता, पोटातल्या बाळाला धोका नको. पण झालं असं की औषध पुरुषांवर तपासायचं आणि द्यायचं सगळ्यांना. १९९३ साली तो नियम बदलला. त्याचा परिणाम किती वर्षं राहिला बघा. झोल्पिडेम नावाची झोपेची गोळी तिथे वीस वर्षं विकून झाली, आणि २०१३ साली लक्षात आलं की ती बायांच्या रक्तात सकाळपर्यंत जास्त उरते. मग बायांचा डोस निम्मा केला, दहाचा पाच मिलिग्रॅम. वीस वर्षं बाया दुप्पट गोळी खात होत्या!

आता आपल्या महाराष्ट्राचं सांगते, ते जास्त महत्त्वाचं आहे.

गडचिरोलीला डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांची 'सर्च' ही संस्था आहे. ऐंशीच्या दशकात राणीताईंनी वसा आणि अमिर्झा या दोन खेड्यांतल्या बायांची तपासणी केली. त्या वेळी खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हटलं की बाळंतपण आणि ऑपरेशन एवढंच सरकारला आणि डॉक्टरांना दिसायचं. पाळीच्या तक्रारी, अंगावरून पांढरं जाणं, पोटात सतत दुखणं, अंग बाहेर येणं याची मोजदाद कोणी केली नव्हती. राणीताईंनी ६५० बाया तपासल्या. त्यात लग्न न झालेल्या मुली होत्या, म्हाताऱ्या बायाही होत्या. शंभरातल्या ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग निघाला. एकेकीला सरासरी साडेतीनच्या वर आजार. आणि यापूर्वी अशी तपासणी झालेल्या बाया किती? शंभरात आठ.

हे १९८९ साली 'द लॅन्सेट' या जगातल्या मोठ्या वैद्यकीय मासिकात छापून आलं आणि जगभरच्या डॉक्टरांनी वाचलं. गडचिरोलीच्या दोन खेड्यांतल्या बायांनी तोंड उघडलं, तपासू दिलं, म्हणून जगाला कळलं की खेड्यातली बाई किती दुखणं अंगावर काढते. मी कॉलेजात असताना हा अभ्यास शिकले, तेव्हा परीक्षेपुरता पाठ केला होता. त्याचा खरा अर्थ मला मावशींच्या चटईवर कळला.

दुसरं उदाहरण तर आपल्या शेजारचं. गंगाखेड, सोनपेठ, पाथरीकडच्या बायांना ते सांगायची गरज नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्या जातात हा प्रश्न विधिमंडळात गाजला. तीन वर्षांत त्या जिल्ह्यात ४,६०५ बायांची पिशवी काढल्याचं सरकारने सांगितलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायांना विचारलं, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. कोयत्यावर एक दिवस खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, पाळीत काम होत नाही, फडावर ना पाणी ना आडोसा, दुखणं वाढतं, आणि डॉक्टर सांगतो पिशवी काढा. त्यानंतर बीडमध्ये खाजगी दवाखान्याला पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्य चिकित्सकांची परवानगी लागू झाली. ही परवानगीही त्या बायांनी सांगितलं, कोणी तरी मोजलं, म्हणूनच आली.

आता औषधाकडे परत येते, कारण इथे बायांनी एक लढाई जिंकलेली आहे आणि ती आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत आहे.

तुमच्यातल्या साठीच्या पुढच्या ताईंना आठवत असेल. पूर्वी दिवस राहिले का हे बघायला लघवीची पट्टी नव्हती. तेव्हा मेडिकलवर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांच्या जास्त ताकदीच्या गोळ्या किंवा सुया मिळायच्या. घेतल्यावर पाळी आली तर दिवस नाहीत, आली नाही तर आहेत. पुष्कळ बाया गर्भ पाडायलाही त्या घ्यायच्या. त्याने गर्भ पडत नसे, आणि पोटातल्या बाळात व्यंग येण्याचा धोका डॉक्टर सांगत होते. १९८२ साली सरकारने बंदीचा आदेश काढला. कंपन्या कोर्टात गेल्या, बंदी अडकली, विक्री चालूच. मग देशभरातल्या स्त्री संघटना, मेडिको फ्रेंड सर्कल, आपल्याकडची लोकविज्ञान संघटना यांनी मोहीम चालवली. जनसुनावण्या झाल्या. १९८८ साली बंदी लागू झाली. सहा वर्षं लागली, पण झाली.

बंदी आली म्हणजे संपलं का? नाही. सरकारने कागद काढला तरी परभणीच्या, पालमच्या, मानवतच्या दुकानात जाऊन कपाट उघडून बघणारं कोणी तरी लागतं. त्या माणसाला म्हणतात औषध निरीक्षक. आणि हा निरीक्षक पोलीस नसतो, तहसीलदार नसतो. तो फार्मसी शिकलेला असतो. आपल्याकडे पोरगी फार्मसीला गेली म्हटलं की सगळ्यांना फक्त मेडिकलचं दुकान दिसतं. म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

औषध निरीक्षक राज्याच्या अन्न व औषध प्रशासनात असतो. तो दुकानात किंवा कारखान्यात शिरू शकतो, वह्या तपासू शकतो, संशयास्पद माल अडवून ठेवू शकतो. नमुना घेतला तर त्याची किंमत दुकानदाराला देतो, फुकट उचलत नाही. दुकानातून घेतलेल्या नमुन्याचे चार भाग करून प्रत्येकावर सील लावतो. एक दुकानदाराकडे, एक सरकारी विश्लेषकाकडे तपासायला, एक कोर्टासाठी, आणि एक कंपनीचं नाव कळलं तर तिच्यासाठी. असं का? उद्या कोर्टात कोणी म्हणू नये की नमुना बदलला. राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला या तपासणीच्या सरकारी प्रयोगशाळा आहेत.

हे काम नीट झालं नाही तर काय होतं, ते १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दिसलं. रुग्णांना दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल नावाचं विष मिसळलेलं होतं, जे कारखान्यांत वापरतात. चौदा रुग्ण गेले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली आणि दवाखान्याच्या खरेदीवर, औषध प्रशासनावर कडक ताशेरे ओढले. हेच विष २०२५ साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात पोरांच्या खोकल्याच्या औषधात निघालं. त्यातली कितीतरी लेकरं आपल्या नागपूरच्या दवाखान्यांत गेली. किडन्या निकामी होऊन.

याच विषाशी एका बाईचा संबंध आहे. १९३७ साली अमेरिकेत हेच द्रव्य घातलेलं औषध पिऊन शंभरावर माणसं मेली. ते का मेले हे शोधणाऱ्या प्रयोगशाळेत फ्रान्सिस केल्सी नावाची विद्यार्थिनी काम करत होती. पुढे ती औषधशास्त्र शिकून, डॉक्टर होऊन अमेरिकेच्या औषध खात्यात लागली. १९६० साली तिच्या टेबलावर थॅलिडोमाइड नावाच्या गोळीची फाईल आली. युरोपात गरोदर बायांना मळमळीसाठी ती सर्रास दिली जात होती. कंपनी मागे लागली, लवकर परवानगी द्या. बाई म्हणाली, पुरावा पुरेसा नाही, आणखी माहिती आणा. वर्षभर तिने फाईल अडवून धरली. तेवढ्यात युरोपात हात-पाय न वाढलेली हजारो बाळं जन्मल्याचं उघड झालं. अमेरिकेत तेव्हा ती गोळी बाजारात आलीच नाही. टेबलावर बसून 'नाही' म्हणणं हेही केवढं मोठं काम आहे, नाही का?

आपल्या गावात रोज दिसणारं एक उदाहरण देते, कारण नियमाचं काम किती नाजूक असतं ते त्यातून कळतं. ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन. म्हशीला दूध सोडायला टोचतात ते, हे सगळ्यांना माहीत आहे आणि ते बेकायदा आहे हेही माहीत आहे. तेच इंजेक्शन काही ठिकाणी बाळंतपणात 'लवकर मोकळी व्हावी' म्हणून अंदाजाने टोचतात. त्याने कळा इतक्या जोरात येऊ शकतात की पिशवी फाटते, बाळ गुदमरतं. म्हणून त्याला वाईट म्हणावं, तर बाळंतपणानंतर बाईचं रक्त थांबत नसेल तेव्हा हेच औषध तिचा जीव वाचवतं. सरकारने २०१८ साली हे औषध फक्त एका सरकारी कंपनीने बनवावं असा आदेश काढला. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला, कारण तुटवडा पडला असता तर बाळंतिणी मेल्या असत्या. म्हणजे बंद करा म्हणून ओरडणं सोपं. कुठे अडवायचं आणि कुठे पोचलंच पाहिजे, हे ठरवायला औषध कळणारं माणूस लागतं, आणि माझ्या मते बाळंतपण कळणारं माणूस लागतं. अशा खुर्च्यांवर बाया जास्त हव्यात असं मला वाटतं ते यासाठी.

पूर्णा तालुक्यातल्या एका गटात याच वर्षी हा विषय कर्जाच्या रूपाने आला. एका ताईची मुलगी बारावी सायन्स चांगल्या मार्कांनी पास झाली. ताईंनी चाळीस हजार कर्ज मागितलं, डी. फार्मसीसाठी. घरच्यांचा हिशोब असा, दोन वर्षांत शिक्षण संपेल, सर्टिफिकेट एखाद्या मेडिकलला भाड्याने लावायचं, महिन्याला पैसे येतील आणि पोरगी लग्न करून सुखाने घरी राहील.

मी त्या सभेत जरा जास्तच बोलले, ते कबूल करते. पण दोन गोष्टी सांगणं गरजेचं होतं.

पहिली भाड्याच्या सर्टिफिकेटची. कायद्याप्रमाणे नोंदणी झालेल्या फार्मासिस्टनेच, किंवा त्याच्या देखरेखीखालीच औषध द्यायचं असतं. फार्मसी कायदा १९४८ चा आहे. सर्टिफिकेट भिंतीवर आणि फार्मासिस्ट घरी, हा गुन्हा आहे. पकडलं तर नोंदणी जाऊ शकते, म्हणजे पोरीचं सगळं शिक्षण पाण्यात. आणि मावशींच्या पोराला गोळ्या देणारा दुकानातला तो माणूस आठवा. त्या दुकानाच्या भिंतीवरही कोणाचं तरी सर्टिफिकेट लटकत असेलच. ते जिचं किंवा ज्याचं होतं, ते माणूस तिथे उभं असतं तर पोराला विचारलं असतं, "कोणासाठी रे? आईला घेऊन ये."

दुसरी गोष्ट कोर्सची. डी. फार्मसी दोन वर्षांची, वर पाचशे तासांचं प्रशिक्षण. त्यावर महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलमध्ये नोंदणी होते, स्वतःचं दुकान काढता येतं, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकारी म्हणून जागा निघते तेव्हा अर्ज करता येतो. चांगलीच नोकरी आहे ती. पण औषध निरीक्षक व्हायचं तर पदवी लागते, म्हणजे बी. फार्मसी, चार वर्षं. निरीक्षकाची परीक्षा महाराष्ट्र लोकसेवा आयोग घेतो, पद गट-ब चं. वयाची अट खुल्या वर्गाला साधारण ३८, मागासवर्गाला ४३. पण प्रत्येक जाहिरात स्वतः वाचायची, अटी बदलतात. पुढे बढती मिळून सहायक आयुक्त होता येतं. केंद्राच्या औषध खात्यातल्या जागा यूपीएससीमार्फत भरतात. ज्यांना परीक्षा नको त्यांना प्रयोगशाळेत, कंपनीच्या तपासणी विभागात, नव्या औषधाचे कागद सरकारकडे सादर करणाऱ्या विभागात काम मिळतं. औषधांचे दुष्परिणाम गोळा करून तपासणं हेही आता वेगळं काम झालं आहे.

बी. फार्मसीला बारावी सायन्सनंतर एमएचटी-सीईटी द्यावी लागते. 'एवढी फी कुठून आणायची' हा प्रश्न सभेत आलाच. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र सरकारी प्रवेश फेरीतून झालेला हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. एससी, एसटी मुलींना त्यांच्या वेगळ्या शिष्यवृत्त्या आहेत. अर्ज महाडीबीटीवर भरायचा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमिलेअर, जात वैधता हे आधीच काढून ठेवा. निकाल लागल्यावर सेतूवर जी गर्दी उसळते ती बघवत नाही.

त्या ताईंच्या मुलीचं पुढे काय झालं? तिने सीईटी दिलीच नव्हती, म्हणून यंदा बी. फार्मसी नाही. एक वर्ष थांबायला घरचे तयार नव्हते. शेवटी डी. फार्मसीलाच प्रवेश घेतला. पण डी. फार्मसी झालेल्यांना बी. फार्मसीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो, ते तिच्या वडिलांना पटवलं. म्हणजे वाट थोडी लांबची, पण बंद नाही. गटाने कर्ज मंजूर केलं आणि इतिवृत्तात एक ओळ जास्त लिहिली, ती मी सुचवली नव्हती. मुलीच्या आईनेच लिहायला लावली: सर्टिफिकेट भाड्याने दिलं तर उरलेलं कर्ज एकदम फेडायचं. मुलगी तिथेच बसली होती. हसली.

आता आपण प्रत्येकीने काय करायचं ते सांगते, मग संपवते.

औषध घेताना बिल मागा. दुकानदार 'दोन गोळ्यांचं काय बिल' म्हणेल, तरी मागा. बिलावर औषधाचा बॅच नंबर असतो, आणि बिल असेल तरच पुढचं सगळं करता येतं. औषधाच्या कायद्यात कलम २६ आहे. त्याप्रमाणे कोणीही साधी व्यक्ती आपण विकत घेतलेलं औषध अर्ज करून, ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकते. तुम्ही, मी, आपला ग्रामसंघ, कोणीही. हे कलम कायद्यात नुसतं पडून राहिलं आहे. मला तरी ते वापरलेलं माणूस अजून भेटलं नाही.

दुकानाबद्दल तक्रार असेल तर अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री नंबर १८००-२२२-३६५. आणि औषध खाऊन त्रास झाला, अंगावर पुरळ आलं, रक्त गेलं, चक्कर आली, तर तो सांगायला वेगळी सोय आहे. गाझियाबादला भारतीय औषधकोश आयोग आहे, तिथे देशभरातल्या दुष्परिणामांच्या नोंदी गोळा होतात. नंबर १८००-१८०-३०२४. रुग्णाने स्वतः भरायचा फॉर्म मराठीतही आहे. 'औषधामुळेच झालं' हे सिद्ध करायची जबाबदारी आपली नाही, शंका पुरे. कोणत्या वयाची बाई, कोणतं औषध, किती दिवस घेतलं, काय झालं, एवढं सांगायचं. आणि हो, चालू गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. बीपी, साखर, फिट याच्या गोळ्या तर अजिबातच नाही. आधी डॉक्टरला विचारा.

पुढच्या सभेला येताना घरातली रिकामी आणि अर्धी राहिलेली सगळी पाकिटं पिशवीत घालून आणा. लाल रेघेची वेगळी काढू, एक्सपायरी झालेली वेगळी, आणि कोणती गोळी कोणी, कोणाच्या सांगण्यावरून घेतली ते वहीत लिहू. आशाताईंना मी बोलावलं आहे, प्राथमिक आरोग्य केंद्राचे औषध निर्माण अधिकारी येतो म्हणाले आहेत. नाव सांगायचं नसेल तर नका सांगू, वहीत फक्त वय लिहू.

मावशींचं पाकीट मी मागितलं होतं, सगळ्यांना दाखवायला. त्यांनी दिलं नाही. "सभेत मीच दाखवीन," म्हणाल्या, आणि परत सुयांच्या डब्यात ठेवलं.